उघडे दाणे

खिडकी उघडीच राहू द्या. बंद खोलीत मला हल्ली तोंडाचा वास येतो, कुणाच्याही तोंडाचा, आणि मग माझं सांगणं पुढे सरकत नाही.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. माझी मोठी बहीण रुपाताई सातव्या महिन्यात होती आणि तिला सोनोग्राफीसाठी आदिलाबादला घेऊन यायचं होतं. तिचं सासर बेल्याच्या पुढे, पैनगंगेकडे उतरणाऱ्या फाट्यावर. बाबा भाजीच्या दुकानातून हलू शकत नव्हते, म्हणून सकाळच्या बसने मी निघाले. पाठीवर पिशवी आणि पिशवीत माझी पेटी.

पेटीचं आधी सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि हैदराबादेत नोकरी न करता परत येऊन मॉड्युलर सिंथेसायझरचे भाग बनवू लागले. हे वाद्य एकसंध नसतं. लहान लहान पेट्या असतात, प्रत्येकीचं एकच काम. एक सूर काढते, दुसरी तो जाड-बारीक करते, तिसरी ठोका धरते. वायरींनी त्या एकमेकींना जोडायच्या. त्यातला सिक्वेन्सर हा भाग ठरवतो की कोणत्या सुरानंतर कोणता सूर यायचा. माझं सगळं वेड त्या एका भागात होतं. कोणता सूर यायचा हे कुणीच ठरवू नये, वाजवणाऱ्यानेसुद्धा नाही, असं मला वाटायचं.

ठरलेल्या गोष्टींचा मला वीट आला होता. मिरवणुकीतली तीच धडधड, लग्नात तीच गाणी, कुणी आधी जेवायचं, कुणी मागे बसायचं, कुणाच्या मुलीने कुठवर शिकायचं. योगायोग मात्र कुणाची जात विचारत नाही. सूर सुटतो आणि पडेल तिथे पडतो. यासारखी प्रामाणिक गोष्ट जगात दुसरी नाही, असं मी मैत्रिणींना तावातावाने सांगायचे.

नवी पेटी मी ज्वारीच्या दाण्यांवर चालवली होती; ठोका, सूर, बॅटरी आणि छोटा स्पीकर तिच्यातच बसवला होता. वर एक प्लास्टिकचं नरसाळं. त्याला जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर. दाणे नरसाळ्याच्या मानेतून खालच्या धातूच्या चकतीवर पडायचे आणि चकतीला प्रत्येक टकटक कळायची. एक दाणा पडला की हिशेब विषम, दुसरा पडला की सम, तिसरा पडला की पुन्हा विषम. ठोका आला की पेटी स्वतःला विचारायची, आत्तापर्यंत सम की विषम? विषम असेल तर वरचा सूर, सम असेल तर खालचा.

आमच्या भागात दाणे पाहणाऱ्या बायका नेमकं हेच करतात. मूठभर ज्वारी टाकतात, जोड्या लावतात. एक दाणा उरला तर हो, काही उरलं नाही तर नाही. त्या हो-नाहीवर लोक सोयरीक मोडतात, विहीर खणतात, तापाने फणफणलेलं पोर घरात ठेवतात. मला त्याची किळस यायची. पेटी बनवली तीच त्या किळसेतून. ती वाजवायची आणि म्हणायचं, ऐका, दाणे असे पडतात. त्यांना तुमच्या पोराचं काही माहीत नसतं.

रुपाताईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली होती. माझी प्रत्येक पेटी पहिल्यांदा तीच ऐकते.

गावात उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. घराची पुढची खोली कापसाने भरलेली. पहिली वेचणी झाली होती, पण मधेच पाऊस येऊन गेल्याने बोंडं भिजली होती, आणि दाराशी पोचताच तो आंबूस, कोंदट वास नाकात शिरला. भिंतीवरून गुलाबी अळ्या चढत होत्या. कापूस घरात आला की त्याही येतात, हे मला माहीत आहे. पण एक अळी पायावरून गेली आणि अंगावर काटा आला.

रुपाताई त्या कापसातच पडली होती. खोलीत अंधार होता आणि आवाजही येत नव्हता, म्हणून तिला तिथे बरं वाटत होतं. कापूस आवाज पिऊन टाकतो. मी हाक मारली तर माझाच शब्द ओठांपुढे पडल्यासारखा झाला.

"आली बाप्पा तू," ती म्हणाली. "डोकं फुटून राह्यलं माह्यं."

तिचा चेहरा मला ओळखू येईना. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. पावलं अशी फुगली होती की घोटे दिसत नव्हते. मी बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात, असं ती म्हणाली. हे काय असतं ते मी वाचलं होतं. रक्तदाब वाढतो, मग झटके येतात, मग आईही जाते आणि मूलही.

मी तिला म्हटलं, ऊठ, आत्ता निघू. ती उठेना.

हळूहळू सगळं कळलं. गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई येऊन गेल्या होत्या, त्यांनी रक्तदाब मोजून अ‍ॅम्ब्युलन्सही बोलावली होती. ती दाराशी उभी असताना रुपाताई कापसाच्या ढिगात आत आत शिरत गेली आणि बाहेर आलीच नाही. गाडी रिकामी परत गेली.

"दाणे उघडे हायत ना," ती म्हणाली. "मी शीव कशी ओलांडू?"

तिच्या सासूबाई, तुळजाबाई, पोह्यांची ताटली घेऊन आल्या. खोलीतल्या त्या वासात मला घास तोंडात घालवेना. मी ताटली बाजूला सारली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी पाणीसुद्धा नको वाटत होतं. मग तुळजाबाईंनी कापसाला टेकून बसत सांगितलं ते मी इथे थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यासारखं रवंथ करत सांगणं मला जमणार नाही.

त्यांची मोठी जाऊ जयवंताबाई दाणे पाहायची. घरात तिला सगळे मोठीआई म्हणायचे. तिची रीत वेगळी होती. उपाशीपोटी ती ज्वारीची चिमूट तोंडात धरायची, प्रश्न ऐकायची, डोळे मिटायची, आणि दाणे ओले झाले की सुपात थुंकून जोड्या लावायची. तिच्या तोंडात दात थोडे आणि तंबाखूची मिस्री जास्त. ताईच्या लग्नानंतर मी एकदा ते पाहिलं होतं. काळपट लाळेत चमकणारे दाणे, आणि त्यावर वाकलेली मोठमोठी माणसं.

पोळ्यानंतर तिला विचारलं गेलं की रुपाच्या बाळंतपणाला शहरात न्यावं का. मोठीआईने दाणे तोंडात धरले, डोळे मिटले आणि तशीच बसली. सगळे वाट पाहत राहिले. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं तरी कुणी हललं नाही. तिच्या ओठांवर माश्या बसू लागल्या आणि ती त्या हाकलेना, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं.

चितेवर ठेवण्याआधी तुळजाबाईंनी चमच्याने ते दाणे तिच्या तोंडातून काढून घेतले. उत्तर जाळायचं नसतं म्हणे. आणि जे दाणे तोंडात गेले पण मोजले गेले नाहीत, ते उघडे. ते मोजले जात नाहीत तोवर ज्याचा प्रश्न, त्याने गावाची शीव ओलांडायची नाही. पण मोजायचे कसे? ते तोंडातून पडले पाहिजेत, कुणी हाताने सुपात ओतून चालत नाही. आणि ज्या तोंडातून पडायचे ते तर राख झालं होतं.

देवघरातून त्यांनी पितळी डबी आणली. झाकण उघडलं. दाणे वाळून त्यांचा एक गोळा झाला होता, करडा, कडेने काळा. मेलेल्या बाईची वाळलेली थुंकी. माझ्या बहिणीचा जीव त्या गोळ्यापाशी अडकला होता. मला ओकारी आली, आणि ओकारीबरोबरच संतापही.

रुपाताईचे यजमान सुरेंद्र भाऊजी बेल्याहून दुकान बंद करून आले होते. त्यांचं कृषी केंद्र आहे, ते स्वतः विज्ञानाचे पदवीधर. मी त्यांना विचारलं, तुम्हीसुद्धा? ते जमिनीकडे पाहत म्हणाले की मोठीआईचे दाणे कधी चुकलेले त्यांनी पाहिले नाहीत. आणि रुपाला उचलून गाडीत टाकली आणि वाटेत काही झालं, तर ती दाण्यांच्या भीतीनेच मरेल. त्यात खोटं नव्हतं. तिला ओढून नेणं शक्य नव्हतं. तिच्या मनानेच उठायला हवं होतं.

मी पिशवीतून पेटी काढली.

"मावशी, तोंडच पाहिजे ना? हे पाहा तोंड." मी नरसाळं दाखवलं. "हात कोणी लावत नाही. डबी यात पालथी करा. हे थुंकते आणि मोजतेपण. वरचा सूर लागून राहिला तर एक उरला. खालचा लागून राहिला तर जोड्या."

तुळजाबाईंनी नरसाळ्याच्या आत पाहिलं. मानेतून खाली पाहिलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हे काई खाते काय?"

"नाही."

"मंग उपाशीच हाय. चालते."

त्यांनी कुंकू आणून नरसाळ्याच्या काठाला लावलं. माझ्या पेटीला. मी दात आवळून बसले.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली. ज्याचं मी इतकं कौतुक करत आले, तो निखळ योगायोग आता माझ्या बहिणीवर चालणार होता. हो आणि नाही, दोघांना सारखी संधी. आयुष्यात पहिल्यांदा मला तो प्रामाणिक नको होता. मला फक्त हो हवा होता.

रुपाताई कोपरावर उठून बसली. भाऊजी दारात उभे राहिले. तुळजाबाईंनी डबी पालथी केली, गोळा नरसाळ्यात पडला, आणि मी बटण दाबलं.

मोटर घरघरली. गोळा काही हलेना. कोरडा, दगडासारखा, मानेवर बसून राहिला. खालचा सूर लागला होता, कारण अजून काहीच पडलं नव्हतं. त्या कापसाच्या खोलीत त्याला घुमणं नव्हतं, तो नुसता कानाशी उभा होता. मी म्हणणार होते की हे वाळलेलं सुटायचं नाही...

मग गोळा ओला झाला.

कुणी पाणी घातलं नव्हतं. मी अगदी जवळ होते, मी पाहिलं. आधी कडेचा काळा रंग चमकला, मग नरसाळ्याच्या भिंतीवरून एक तार खाली ओघळली, आणि वास आला. मिस्रीचा, किडक्या दातांचा, सकाळी कुणी तोंडाशी तोंड आणून बोलतं तसा गरम वास. गोळा विरघळला. दाणे पडू लागले.

टक-टक. मग शांत. टक-टक. मग शांत.

दोन दोन पडत होते. माझ्या पेटीत दाणे असे कधी पडले नव्हते. कधी एक, कधी चार, कधी काहीच नाही, हेच तर तिचं सौंदर्य. मी तासन् तास ऐकलेलं आहे, मला कळतं. हे योगायोगाचं पडणं नव्हतं. कुणीतरी तोंडात जिभेने जोडी लावून एकेक जोडी बाहेर सोडत होतं. प्रत्येक ठोक्याला पेटी विचारत होती आणि प्रत्येक ठोक्याला खालचाच सूर. सम. सम. सम. नाही. नाही. नाही.

रुपाताई हळूहळू पुन्हा कापसात मागे सरकू लागली. तिचं नुसतं तोंड दिसत होतं, मग अर्धंच.

आणि नरसाळ्याची मान तुंबली. चिकट लगदा अडकला, टकटक थांबली.

आमच्याकडे फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की शेतकरी ते तोंडाला लावून फुंकतो, नाहीतर ओढतो. विष असतं हे माहीत असतं, तरी तोंडच पुढे होतं. आजोबांच्या वावरात मीही लहानपणी ते केलेलं आहे आणि मारही खाल्लेला आहे. हात लावायचा नव्हता. मला काही सुचायच्या आत मी पेटी उचलली, नरसाळ्याची मान ओठांत धरली आणि ओढलं.

लगदा सुटला. मी पेटी झटकन खाली ठेवली. दाणे पुन्हा पडू लागले, आधी एकच टक, मग टक-टक, टक-टक, आणि आता प्रत्येक ठोक्याला वरचा सूर. विषम. विषम. शेवटची जोडी पडली. नरसाळं रिकामं झालं, मोटर मोकळी घरघरत राहिली, आणि वरचा सूर लागून राहिला.

"हो म्हटलं," भाऊजी म्हणाले. "रुपा, हो म्हटलं मोठीआईनं."

रुपाताई कापसातून उठली. केसांत सरकी, गालावर एक गुलाबी अळी. ती रडत होती आणि चप्पल शोधत होती.

माझ्या जिभेखाली एक दाणा होता.

तो बाहेर काढला असता तर तो मोजला गेला असता. हिशेब पुन्हा सम झाला असता. मी तोंड मिटून ठेवलं. याची मला आजही लाज वाटत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुकानाच्या गाडीत भाऊजी चालवायला बसले. मागच्या सीटवर रुपाताई माझ्या मांडीवर डोकं ठेवून, पलीकडे तिचे पाय धरून तुळजाबाई. शीव ओलांडली की खिडकीतून थुंकायचं असं मी ठरवलं होतं. शिवेवरचा दगड मागे गेला. मी जीभ फिरवली. दाणा एकच होता... आता दोन लागले.

मी मनाशी म्हटलं, फुटला असेल. ज्वारी ओली झाली की फुगते, फुटते. पण जिभेला फुटलेलं आणि सबंध यातला फरक कळतो. दोन्ही सबंध होते, गुळगुळीत, आणि त्यांना चव होती. माझ्या तोंडाची नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या तोंडाची चव, मिस्री आणि हिरड्या. मी थुंकायला वळले तर तुळजाबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"बोलत काऊन नाई, पोरी?"

मी मान हलवली. त्यांची नजर माझ्या गालावर होती.

वाटेतल्या जैनथच्या अलीकडे रुपाताईला झटका आला. तिचं अंग ताठ झालं, डोळे वर गेले, दातखीळ बसली. मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. ताई, मी आहे, असं म्हणायचं होतं, एवढंच, पण मला तोंड उघडता येत नव्हतं. तोवर डावा गाल भरला होता. लाळ हनुवटीवरून गळून तिच्या केसांत पडत होती आणि त्या लाळेचा रंग मला दिसत होता. भाऊजी ओरडून विचारत होते की काय झालं, काय झालं. दाणे जिभेखाली आपोआप सरकत होते. दोन इकडे, दोन तिकडे. जोड्या लावत होते.

दवाखान्यात लगेच स्ट्रेचर आलं, सगळी पळापळ झाली. त्यांनी तिला आत नेलं. जरा वेळाने एक डॉक्टरबाई बाहेर आल्या, तेलुगू वळणाच्या हिंदीत भराभर सांगू लागल्या. ऑपरेशन आत्ताच करायला हवं, मूल लहान आहे, दोघांनाही धोका आहे, थांबलो तर जास्त धोका आहे. त्यांनी संमतीचा कागद भाऊजींपुढे धरला. बाहेर लख्ख संध्याकाळ होती, चहाच्या गाड्यावर माणसं हसत होती. भाऊजींनी पेन हातात घेतलं आणि सही केली नाही. ते माझ्याकडे वळले.

"नेहा, तू सांग." आणि मग अगदी हळू, "मोजून सांग..."

म्हणजे माझं भरलेलं तोंड त्यांनीही पाहिलं होतं.

तुळजाबाई पुढे आल्या. त्यांनी पदर दोन्ही हातांवर पसरला आणि माझ्या हनुवटीखाली धरला, बाळाला ओकारी होताना आई धरते तसा. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. माया होती, हेच सर्वांत ओंगळ होतं.

"थुक, पोरी," त्या कुजबुजल्या. "उपाशी हायस ना तू... थुक. मोजू दे."

डॉक्टरबाई घड्याळ पाहत होत्या. मला माझ्या तोंडातलं उत्तर माहीत होतं. जोड्या लागल्या होत्या, कुणीच उरलं नव्हतं. ते पदरात पडलं असतं तर भाऊजींनी पेन खाली ठेवलं असतं. आणि ते पडल्याखेरीज मला एक शब्द बोलता येत नव्हता.

मी गिळलं.

एका घोटात गेलं नाही. चावावं लागलं. दाणे टणक नव्हते, प्रत्येक दाणा दाताखाली हिरडीसारखा दबायचा आणि मग फुटायचा, आणि आतून काहीतरी कोमट, लिबलिबीत, बोंडातल्या अळीसारखं जिभेवर यायचं. एक घास उतरला की दुसरा वर यायचा. तुळजाबाई पाहत होत्या. त्यांनी पदर आणखी जवळ आणला. शेवटचा घोट घशात अडला, मी भिंतीला डोकं लावून तो खाली ढकलला, आणि म्हणाले, "करा. सही करा भाऊजी. करा."

त्यांनी सही केली.

तुळजाबाईंनी पदर आवरून खांद्यावर घेतला. "हे का केलं तू," एवढंच त्या म्हणाल्या. "उत्तर खाल्लं पोरीनं."

मी मागच्या अंगणात जाऊन घशात बोटं घातली. पाणी पडलं, नुसतं पाणी. एक दाणा नाही, एक टरफल नाही.

रुपाताई वाचली. मुलगीही वाचली. मुठीएवढी होती, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, मग घरी आली. डॉक्टरबाई म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणीच नाही. म्हणजे मी बरोबर होते. मी हे ज्याला त्याला सांगते. भीतीने तोंडाला पाणी सुटतं, ओला दाणा फुगतो, घाबरलेल्या जिभेला एकाचे दहा वाटतात. मी शिकलेली मुलगी आहे, मला याची उत्तरं देता येतात.

ती पेटी मी हातोडीने फोडली. आता बनवते त्या पेट्यांत प्रत्येक सूर मी स्वतः लावते, कोणत्यानंतर कोणता ते आधी ठरवून. मैत्रिणी विचारतात, तुझा योगायोग कुठे गेला? मी म्हणते, कंटाळा आला.

बाळ आता आमच्याकडेच असतं, रुपाताई माहेरी आहे. गोरीगोमटी, शांत मुलगी. बाकीची बाळं माणसाच्या डोळ्यांकडे पाहतात. मी हे मुद्दाम पाहिलं आहे, शेजारच्यांची, पाहुण्यांची, सगळी. ही डोळ्यांकडे पाहत नाही. रुपाताई म्हणते, मावशीवर जीव आहे तिचा, तुलाच पाहत राहते. मी बोलत असले की ती दुसरीकडे खेळते. मी गप्प झाले की मान वळवते आणि माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहू लागते, मोठीआईच्या सुपापुढे उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसांसारखी. पापणी न हलवता. मी उठून दुसऱ्या खोलीत जाऊन यावं, तर ती त्याच जागी नजर लावून असते.

घाई अजिबात नाही तिला.